कायडेक्सचे म्यान: सुरी अडकते आणि खुळखुळते, त्यामागचे कारण एकच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या लोहाराकडून करून घेतलेली, साधारण 10 सेंमी पात्याची, लाकडी मुठीची सुरी पावसाळी भटकंतीत कमरेला लावता यावी म्हणून तुम्ही 2 मिमी जाडीच्या कायडेक्सचे (तापवून आकार देता येणाऱ्या प्लास्टिकच्या शीटचे) घडीचे, म्हणजे एकच शीट पात्याच्या पाठीवरून दुमडून केलेले, म्यान घरीच केले. साच्यातून काढल्यावर सुरी इतकी घट्ट बसली की दोन्ही हातांनी ओढावी लागली. मग हीट गनने (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने) तोंड सैल केले, तर आता ती आत खुळखुळते आणि म्यान उलटे धरले की निसटते. पात्यावर उभे ओरखडे उमटले आहेत आणि आतून प्लास्टिकचा बारीक कीस पडतो. शीट नेमकी किती अंशांपर्यंत आणि किती मिनिटे तापवावी, असे तुम्ही विचारले आहे.

तापमानाबद्दल पुढे लिहितो, पण तुमची अडचण तापमानाची नाही. अडकणे, खुळखुळणे, ओरखडे आणि कीस या चारही तक्रारी एकाच गोष्टीतून निघतात: तुमच्या म्यानाने सगळे पाते धरून ठेवले आहे. चांगल्या म्यानात सुरी एकाच जागी धरलेली असते, तोंडालगतच्या पहिल्या दीड-दोन सेंटिमीटरमध्ये. तिथून पुढे टोकापर्यंत पात्याने आत मोकळे असले पाहिजे, आणि धारेला तर कशाचाही स्पर्श होता कामा नये. पकड जर पात्याच्या संपूर्ण लांबीवर पसरलेली असेल, तर ती कमी करण्यासाठी कुठेही उष्णता दिली तरी एकतर काहीच फरक पडत नाही किंवा सगळीच पकड जाते. तुमच्या बाबतीत दुसरे घडले.

हे समजण्यासाठी सुरी बाहेर येताना काय होते ते पाहू. म्यानाच्या तोंडातून पात्याचा प्रत्येक भाग जायचा असतो. पाते मुठीजवळ 25 मिमी रुंद आणि मध्ये 30 मिमी रुंद असेल, तर मुठीजवळच्या रुंदीला अचूक बसलेल्या तोंडातून तो मधला भाग कसा जाणार? तो प्लास्टिक फाकवत, धारेने खरवडत बाहेर येतो. कीस तिथूनच पडतो. लोहाराने घडवलेली बरीच पाती पोटाकडे अशी रुंद होत जातात, त्यामुळे हातात घेऊन आधी मोजा: सर्वांत रुंद जागा कुठे आहे, सर्वांत जाड जागा कुठे आहे, आणि त्या दोन्हींपासून मुठीकडे येताना माप कमी होते का. माप कमी होत असेल तर पात्याच्या रुंदीवर पकड घेता येणार नाही. ती बाजूंनी, म्हणजे जाडीवर, किंवा मुठीच्या पुढच्या भागावर घ्यावी लागेल. हा निर्णय शीट कापण्यापूर्वी करायचा असतो. घरी म्यान करताना बहुतेक लोक हीच पायरी गाळतात.

सगळे पाते असे आवळले जाण्यामागे आकुंचनाचाही वाटा आहे. कायडेक्स हे ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणातून केलेले प्लास्टिक आहे. 1960च्या दशकात अमेरिकेत विमानांच्या अंतर्भागासाठी ते तयार झाले आणि पुढे सुरी करणाऱ्यांनी ते उचलले. थंड होताना हे प्लास्टिक पोलादाच्या कितीतरी पट अधिक आकसते. दीडशे अंशांच्या वर असलेली शीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पात्याभोवती आवळली जाते, आणि उघड्या पात्यावर साचा घेतला असेल तर ती पात्याला चोहोबाजूंनी कवटाळून बसते. म्हणून साचा घेण्यापूर्वी पाते टेपने झाकणे आवश्यक आहे. तुम्ही टेप लावल्याचे लिहिलेले नाही. सुताराकडे किंवा रंगवाल्याकडे मिळते ती कागदी मास्किंग टेप घ्या. पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन थर द्या, आणि धारेवरून टेपची एक पट्टी घडी घालून अशी चढवा की धारेच्या पुढे दोन मिलिमीटर कागद शिल्लक राहील. या कागदाची जाडी म्हणजेच नंतरची मोकळी जागा. जिथे पकड हवी तिथे, मुठीलगतच्या धार न लावलेल्या भागावर, एकच थर ठेवा. थरांच्या या फरकातूनच पकडीची जागा ठरते.

टेप लावताना पात्यावरचे खाचखळगेही पाहा. लोहारकामाच्या पात्यावर घणाचे खोलगट ठसे असतील, पाठीवर अंगठ्यासाठी खाचा असतील किंवा दोरीसाठी छिद्र असेल, तर मऊ प्लास्टिक त्यात शिरते आणि थंड झाल्यावर कुलूप लागल्यासारखे अडकते. अशा प्रत्येक जागी टेपचे तुकडे भरून पृष्ठभाग सपाट करून घ्या. पाठीच्या बाजूला, जिथे घडी येते तिथे, पात्याच्या जाडीइतकी लाकडाची पातळ पट्टी टोकापर्यंत टेपने चिकटवली तर आत एक सरळ वाट तयार होते. त्या वाटेमुळे पोटाकडे रुंद असलेले पाते बाहेर काढताना पाठीकडे सरकू शकते आणि धार शिवणीपासून (दोन थर जिथे जोडले जातात त्या कडेपासून) दूर राहते. तुमच्या सुरीला ही पट्टी लागेल, असा माझा अंदाज आहे. पात्याचा आकार पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही.

आता तापवणे. 150 ते 175 अंश सेल्सियस या पट्ट्यात काम होते. मिनिटे सांगून उपयोग नाही, कारण ती शीटच्या जाडीवर, ओव्हनच्या आकारावर आणि त्याचा थर्मोस्टॅट किती खरा आहे यावर अवलंबून असतात. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत बराच फरक पडू शकतो. मी घड्याळापेक्षा शीटकडे पाहतो. एक कोपरा चिमट्याने उचलला की ती भिजलेल्या चामड्यासारखी स्वतःच्या वजनाने लोंबली पाहिजे. ती ताठ राहून कडेला फक्त वाकत असेल तर आतून अजून थंड आहे. अशा शीटवर आकार अर्धवट उमटतो आणि काही दिवसांनी म्यान उघडू लागते. उलट तिच्यावरची बारीक खरखरीत नक्षी जाऊन पृष्ठभाग चकाकू लागला, तर तापमान जास्त झाले आहे. लगेच बाहेर काढा. त्याही पुढे गेल्यास फोड येतात आणि पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबतो. या कारणाने गॅसच्या उघड्या ज्योतीवर शीट कधीही धरू नका, खिडक्या उघड्या ठेवा, आणि ज्या ओटीजीत घरचे अन्न भाजले जाते तो या कामाला वापरू नका. जुना, स्वयंपाकातून बाद केलेला ओटीजी चालतो. टी-शर्टवर छपाई करणाऱ्यांकडे असलेले सपाट हीट प्रेस यंत्र तर याहून चांगले, कारण त्यात उष्णता सगळीकडे सारखी पोहोचते. ओळखीचा दुकानदार असेल तर विचारून पाहा.

उष्णतेविषयी एक दिलासाही आहे. या प्लास्टिकला आपला मूळ सपाट आकार आठवतो. चुकलेले म्यान पुन्हा पूर्ण तापवले की ते उलगडून सपाट होते आणि नव्याने साचा घेता येतो. अर्थात पुन्हापुन्हा तापवल्याने पृष्ठभागाची नक्षी फिकी पडते, आणि छिद्रे पाडून झाली असतील तर दुसऱ्या घडीत ती समोरासमोर येत नाहीत. तुमच्या म्यानात आयलेट (दोन थर जोडणारी धातूची पोकळ कडी) ठोकलेली आहेत. ती काढायची असल्यास त्यांच्या कडेपेक्षा थोड्या लहान ड्रिलने हलके दाबून वाकवलेली कड खरवडून काढा. छिद्राचा व्यास तेवढा वाढू देऊ नका. पण माझ्या मते तो तुकडा सरावासाठी ठेवावा आणि खरे म्यान नव्या शीटचे करावे.

सरावाविषयी आणखी थोडे. कायडेक्स आपल्याकडे बाहेरून येते आणि स्वस्त नसते, म्हणून पहिले दोन-तीन साचे मी सर्वांना पाण्याच्या पीव्हीसी पाइपवर घ्यायला सांगतो. 75 मिमी व्यासाचा पाइप उभा चिरून, तापवून, दोन फळ्यांमध्ये दाबून थंड केला की साधारण 23 सेंमी रुंदीची शीट मिळते, आणि तुमच्या सुरीच्या घडीच्या म्यानाला ती पुरून उरते. भिंतीची जाडी दोन-अडीच मिलिमीटर असलेला पाइप निवडा. शेतात वर्षानुवर्षे उन्हात पडलेला पाइप घेऊ नका. तो खडूसारखा पांढुरका आणि ठिसूळ झालेला असतो आणि घडीवर तडकतो. पाइप कायडेक्सपेक्षा कमी तापमानाला मऊ पडतो, म्हणून उष्णता हळूहळू वाढवत न्या. नीट केलेले पाइपचे म्यानही शेतावर किंवा बागेत कामाला उत्तम असते; ते आघाताने कायडेक्सपेक्षा लवकर फुटते, इतकेच.

साच्यासाठी 18 मिमी प्लायवूडच्या दोन फळ्या आणि त्यांना आतून चिकटवलेला घट्ट ईव्हीए फोम एवढे पुरेसे आहे. फोम दोन्ही बाजूंना किमान अडीच सेंटिमीटर जाड हवा. सोफ्यातला मऊ स्पंज चालत नाही, कारण तो पात्याच्या कडेशी प्लास्टिकला दाबून धरूच शकत नाही. हे काम घाईचे असते: शीट बाहेर काढल्यावर काही सेकंदांतच तिचा वरचा थर घट्ट होऊ लागतो. म्हणून आधी थंड शीटवर सगळी हालचाल एकदा करून पाहा. सुरी घडीत कुठे ठेवायची तिथे शीटवर पेन्सिलीची खूण हवी, क्लॅम्प उघडून हाताशी हवेत, जाड कापडी हातमोजे चढवलेले हवेत. शीट काढा, खुणेवर सुरी ठेवा, पाठीवरून घडी घाला, घडीची बाजू फोममध्ये पूर्ण आत जाईल अशी ठेवा आणि फळ्या आवळा. पहिला क्लॅम्प घडीच्या बाजूला लावा, कारण दाब तिथेच सर्वांत कमी पोहोचतो. मग शीट पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका. पाणी ओतून थंड करण्याचा मोह टाळा. एका बाजूने आधी आकसलेले म्यान पीळ धरते.

साच्यातून काढल्यावर सुरी पहिल्यांदा ओढताना म्यान पाठीच्या बाजूने धरा. शिवणीच्या बाजूला बोटे गुंडाळू नका. या क्षणी शिवण अजून उघडी असते, आणि सुरी तिरकी सरकली तर धार दोन थरांच्या मधून थेट बोटांवर येते. आयलेट लावल्यानंतरही ही सवय कायम ठेवावी.

पकड कुठे घ्यायची, हा तुमच्या सुरीतला सर्वांत नाजूक प्रश्न आहे, कारण तिला गार्ड (मूठ आणि पाते यांच्यामधला आडवा टेका) नाही आणि मूठ लाकडी आहे. गार्ड असलेल्या सुरीत प्लास्टिक गार्डवर चढून टक् आवाजाने बसते. गार्ड नसेल तर बरेच जण मुठीचा पुढचा फुगीर भाग म्यानात घेतात आणि त्या फुगवट्याच्या मागे प्लास्टिक दाबून बसवतात. कोरड्या हवेत हे छान चालते. पण तुम्हाला ही सुरी सह्याद्रीत, जुलैच्या पावसात न्यायची आहे. लाकूड ओलाव्याने फुगते, आणि मे महिन्यात नेमकी बसलेली मूठ पावसात म्यानात अडकून बसते. तुमच्या सुरीत मुठीलगत धार न लावलेला, सपाट पोलादाचा दीड सेंटिमीटर भाग असेल तर पकड त्यावरच घ्या. तो भाग अगदी कमी असेल आणि लाकडाशिवाय पर्याय नसेल, तर म्यान करण्याआधी मुठीला जवसाच्या तेलाचे काही हात देऊन ती पूर्ण वाळू द्या, आणि साच्याच्या वेळी मुठीवरही टेपचा एक थर ठेवा. मूठ इपॉक्सीने बसवलेली असेल तर टेपचा हा थर आणखी एका कारणाने उपयोगी पडतो: साधे इपॉक्सी या तापमानाला मऊ पडू शकते, म्हणून गरम प्लास्टिक मुठीवर गरजेपेक्षा जास्त पुढे येऊ देऊ नका. पोलादाच्या पाण्याची, म्हणजे त्याला दिलेल्या कठीणपणाची, मात्र काळजी नको. साचा घेताना पाते जितके तापते, तितक्याने लोहाराने दिलेले पाणी उतरत नाही.

आता शिवण. साधारण 6 मिमी व्यासाची पितळी आयलेट वापरा, आणि छिद्राचा मध्य धारेपासून किमान 11-12 मिमी दूर ठेवा. आयलेटची कड छिद्राबाहेर पसरते, हे लक्षात घेऊन हे माप आहे. याहून जवळ गेलात तर सुरी आत ढकलताना धार पितळेवर आपटते आणि त्या जागी तिला खाच पडते. दोन छिद्रांमधले अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास ठेवले की पट्ट्याच्या बहुतेक क्लिपाही त्यांत बसवता येतात. पहिल्या म्यानाला मात्र मी आयलेटऐवजी बारीक नटबोल्ट सुचवेन. तोंडाजवळच्या बोल्टखाली दोन थरांच्या मध्ये रबराचा छोटा वॉशर घातला, की बोल्ट आवळून किंवा सैल करून पकड कमीजास्त करता येते. तुमच्या सुरीची मूठ ऋतूप्रमाणे बदलणार असल्याने कदाचित ही रचना कायमसाठीच योग्य ठरेल.

पकड कमीजास्त करण्यासाठी हीट गन वापरायची ती नाण्याएवढ्या जागेवर. सुरी सैल असेल तर ती टेपसह आत ठेवा, फक्त तोंडालगतच्या पकडीच्या जागेवर उष्णता द्या, आणि मऊ होताच फोमच्या तुकड्याने दोन्ही बाजूंनी दाबून थंड होईपर्यंत धरा. घट्ट असेल तर त्याच जागी टेपचा एक थर वाढवून सुरी आत घाला, उष्णता द्या आणि प्लास्टिकला नव्या जाडीवर स्थिरावू द्या. सुरी बाहेर काढून नुसते तोंड तापवले की तोंड हवे तसे फाकते आणि पकडीला आधारच उरत नाही. तुमच्या वर्णनावरून तुम्ही असेच केले असावे. पाठीच्या बाजूला तोंडाची कड किंचित बाहेर वळवून अंगठ्यासाठी टेका करून घ्या. अंगठ्याने तो टेका ढकलला की सुरी पकडीतून सुटते आणि मग सरळ ओढली जाते. मनगटाने हिसका द्यावा लागत नाही. हिसक्यामुळेच धार शिवणीकडे वळते आणि तोंडापाशी कीस निघतो.

ओरखड्यांबद्दल खरे सांगायचे तर ते पूर्णपणे टाळता येत नाहीत. कायडेक्स स्वतः पोलादापेक्षा खूप मऊ आहे. ओरखडे पडतात ते आत अडकलेल्या वाळूच्या कणांनी आणि छिद्रे पाडताना आत राहिलेल्या कचऱ्याने. म्यान पूर्ण झाल्यावर साबणाच्या पाण्याने ब्रशने आतून धुवा. टोकाला 4-5 मिमीचे छिद्र अवश्य ठेवा, त्यातून पाणी आणि माती दोन्ही बाहेर पडतात. चामड्यापेक्षा हे म्यान पावसाळ्यात बरे ते एवढ्यासाठीच की ते पाणी धरून ठेवत नाही. पण त्याने गंज थांबत नाही. साध्या कार्बन पोलादाचे पाते मुक्कामाला पोहोचल्यावर पुसून, तेलाचा पातळ हात देऊन म्यानाबाहेरच ठेवावे.

कडा घासण्याचे काम आयलेट किंवा बोल्ट बसवल्यानंतर करा, म्हणजे दोन्ही थर एकसंध घासले जातात. आधी कानस, मग 120, 220 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटचे दोन पाण्यात भिजवून. धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा. वेगवान यंत्रावर कड घासली तर घर्षणाने प्लास्टिक वितळून कडेला चिकटते, तेव्हा हाताने घासणे बरे.

तयार म्यान उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तिथले तापमान कायडेक्सला ढिले करण्याइतके चढू शकते, आणि पीव्हीसी पाइपचे म्यान तर नक्कीच आकार सोडते.

नवी शीट कापण्यापूर्वी मला चार मापे कळवा: पात्याची मुठीजवळची रुंदी, सर्वांत जास्त रुंदी आणि ती मुठीपासून किती अंतरावर आहे, पाठीची जाडी, आणि धार न लावलेल्या भागाची लांबी. त्यावरून पाठीला पट्टी लागेल की नाही आणि पकड पोलादावर घेता येईल की मुठीवर, हे नेमके सांगता येईल.